द्राक्षबीज, हळद, लवंग आणि दाताचं फिलिंग: बाँडिंग करताना या चुका टाळा

द्राक्षाच्या बियांचा अर्क लावला की दाताचं फिलिंग जास्त टिकतं, हे ऐकून तासगाव-पलूस भागातल्या कुणालाही आनंद होईल. पण आपल्याकडच्या बागांमधली थॉमसन, सोनाका, माणिक चमन ही द्राक्षं बिनबियांची. हा अर्क निघतो तो मुख्यतः वाईनच्या द्राक्षांचा रस काढल्यावर उरलेल्या बियांतून. त्यामुळे बेदाणा खाऊन दात टिकत नाहीत. उलट तो दातांच्या फटींत अडकून राहिला तर कीड वाढू शकते. पेशंटने विचारलं तर हे स्पष्ट सांगा.

अर्क नेमकं काय करतो हे आधी समजून घेऊ, कारण पुढच्या बहुतेक चुका तिथूनच होतात. एचिंग म्हणजे फिलिंगआधी दाताला ॲसिड लावणं. त्यातल्या ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडने डेंटिनवरचं, म्हणजे इनॅमलखालच्या थरावरचं, खनिज निघून जातं आणि कोलॅजेन या प्रथिनाची जाळी उघडी पडते. बाँड, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणारं पातळ रेझिन, त्या जाळीत शिरून घट्ट होतो. नाकाबायाशी या जपानी संशोधकाने १९८२ मध्ये या थराला हायब्रिड लेयर म्हटलं. बाँड मात्र जाळीच्या तळापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. तळाशी जे तंतू उघडे राहतात, त्यांना दातातलीच एमएमपी नावाची एन्झाइम्स हळूहळू तोडतात, आणि त्यांना जागं करण्यात आपल्या ॲसिडचाही हात असतो. द्राक्षबीजातलं प्रोअँथोसायनिडिन कोलॅजेनचे तंतू एकमेकांना बांधतं आणि या एन्झाइम्सना लगाम घालतं. म्हणजे त्याचं काम कोलॅजेनवर आहे. बाँडमधलं रेझिन पाण्याने झिजतं, तिथे त्याचा भरवसा धरू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अर्काची पूड थेट बाँडच्या बाटलीत मिसळणं. बाँड क्युअरिंग लाइटखाली घट्ट होतो तो मुक्त मूलकांच्या (फ्री रॅडिकल्सच्या) साखळीमुळे. वनस्पतींतली पॉलिफेनॉल्स ही संयुगं (प्रोअँथोसायनिडिन त्यांतलंच) नेमकी हीच मूलकं पकडतात. ज्या गुणामुळे ती औषधी ठरली, तोच गुण इथे आडवा येतो आणि बाँड कच्चा राहतो. प्रमाण वाढवत जाल तसा तो आणखी कच्चा. बाँड लाइटने क्युअर (घट्ट) करूनही कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगचा, पहिला थर इन्स्ट्रुमेंटबरोबर उचलून येत असेल, तर संशय इथेच घ्या. पेशंट दोन दिवसांनी थंड पाण्याने कळ येते म्हणून परत आला, तरी हे एक कारण तपासा. हळदीतलं कर्क्युमिन आणखी एक अडचण करतं. ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं, आणि आपल्या लाइटचं काम चालतं तेही निळ्या प्रकाशावरच. सांगलीच्या हळदीचा अभिमान मलाही आहे, पण बाँडच्या बाटलीत तिची जागा नाही. बाजारातल्या कॅप्सूल फोडून घालणं तर अजिबात नको. त्यात शुद्ध अर्क किती आणि भर किती, हे कळत नाही.

उपाय साधा आहे. अर्क वापरायचाच असेल तर तो या कामासाठी तयार केलेला असावा, आणि एचिंग धुतल्यावर प्राइमर (बाँडआधीचा थर) म्हणून वेगळा लावावा. मग तो नीट धुवावा, डेंटिन ओलसर ठेवावं आणि त्यानंतर नेहमीचा बाँड लावावा. प्रयोगशाळेत बऱ्याचदा ६.५ टक्के द्रावण दहा मिनिटं, कधी तर तासभर ठेवतात. खुर्चीवर तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसाला हे कसं जमणार? कॉटन रोलवर दहा मिनिटं काढलीत तर लाळ शिरून मिळवलेलं सगळं जाईल. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) नसेल तर हा प्रयोग करू नका. पुढच्या दातांवरही जपून, कारण अर्काने डेंटिनवर तपकिरी छटा येते.

आता लवंग. दुखऱ्या दातात लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायची सवय घरोघरी आहे.

“मावशी, दातात काही ठेवत होता का?”

“लवंगेचं तेल ठेवलं होतं की डॉक्टर, रात्रभर. त्यानं तर झोप लागली.”

हा प्रश्न न विचारता फिलिंग करू नका. लवंगेतलं युजेनॉलसुद्धा रेझिनला घट्ट होऊ देत नाही. तात्पुरत्या फिलिंगसाठी झिंक ऑक्साइड युजेनॉल वापरलं असेल तरी तीच गोष्ट, आणि सेल्फ-एच बाँडमध्ये (ज्यात ॲसिड वेगळं लावून धुवत नाहीत) त्याचा त्रास जास्त. कॅव्हिटी नीट साफ करा, एच करून धुवा आणि शक्य तिथे तात्पुरत्या फिलिंगला ग्लास आयोनोमर हे युजेनॉल नसलेलं सिमेंट वापरा.

अर्क लावला म्हणून मूळ काम ढिलं पडतं, हेही मी बघतो. डेंटिन पंधरा सेकंदांपेक्षा जास्त एच करणं, एअर सिरिंजने ते खडूसारखं कोरडं करणं, संध्याकाळी बॅटरी उतरलेला लाइट तसाच वापरणं. कोलॅजेनची जाळीच कोसळली तर अर्क बांधणार तरी काय? रेडिओमीटरने (प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या यंत्राने) लाइट नियमित तपासा.

‘हर्बल फिलिंग, जन्मभर टिकणार’ असं पेशंटला सांगू नका. बहुतेक पुरावा काढलेल्या दातांवरच्या चाचण्यांचा आहे, तोंडातला नाही. ज्या दाताला अर्क लावला त्याचा नंबर, अर्क किती वेळ ठेवला, कोणता बाँड वापरला हे केसपेपरवर लिहा. सहा महिन्यांनी बोलावून फिलिंगच्या कडेला प्रोब (तपासणीची टोकदार सळई) फिरवा आणि गरज वाटली तर बाइटविंग (दातांमधल्या फटी दाखवणारा) एक्स-रे काढून आधीच्या नोंदीशी ताडून पाहा.