देवीचा संशयित रुग्ण आढळल्यास पहिले काही दिवस

देवीचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 1980 मध्ये जाहीर केले असल्यामुळे आज एकही संशयित रुग्ण आढळला तरी ती आणीबाणीच समजावी आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता त्याला वेगळे ठेवून वरिष्ठ आरोग्य यंत्रणेला तत्काळ कळवावे.

पुरळ नीट पाहावे. देवीचे फोड चेहरा आणि हातापायांवर अधिक असतात, तळहात-तळव्यांवरही उठतात आणि एका भागातले सगळे एकाच अवस्थेत दिसतात. कांजिण्यांचे फोड धडावर जास्त आणि वेगवेगळ्या अवस्थांतले असतात.

यानंतरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे संपर्कातील माणसे शोधणे. घरातील, शेजारची आणि शुश्रूषा करणारी माणसे, तसेच त्यांच्या निकट संपर्कातील लोक, यांची यादी करून त्यांना लस टोचावी, कारण संसर्गानंतर चार दिवसांच्या आत दिलेली लसही आजार टाळू किंवा सौम्य करू शकते. भारतात 1970 च्या दशकात घरोघरी शोध घेऊन आणि रुग्णाच्या दारावर पहारेकरी बसवून याच पद्धतीने साथ आटोक्यात आणली गेली.

संपर्कातील प्रत्येकाचा ताप 21 दिवस रोज तपासावा. शेवटची खपली गळेपर्यंत रुग्णाचे विलगीकरण संपवू नये.