माझी क्रीम तिसऱ्या आठवड्यात फाटली, तिथून इमल्सिफायर शिकायला लागलो

कॉस्मेटिक फॉर्म्युलेशनमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला आधी एकच खूळ असतं, सगळं प्लांट बेस्ड करायचं. मलाही होतं. ग्लिसरील स्टिअरेट सायट्रेट हा इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा घटक, घेऊन क्रीम केली, मस्त पांढरीशुभ्र, लोण्यासारखी, दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो, आणि तिसऱ्या आठवड्यात बघतो तर तळाला पाणी. पहिले कितीतरी दिवस मी झँथन गमलाच (घट्टपणा आणणारा डिंक) शिव्या घालत होतो. खरा घोळ वेगळाच होता, हा इमल्सिफायर अॅनायॉनिक असतो, म्हणजे तेलाच्या थेंबांवर निगेटिव्ह चार्ज असतो आणि त्यामुळे ते एकमेकांपासून लांब राहतात, आणि मी वरून त्वचेत ओलावा धरणारं ३% सोडियम पीसीए म्हणजे चक्क मीठच ओतलं होतं. मिठाने तो चार्ज झाकला जातो, मग थेंब एकमेकांना चिकटायला मोकळे. कंडिशनरमधले कॅटायॉनिक, म्हणजे पॉझिटिव्ह चार्जचे, घटकही याच्याबरोबर टाकू नका, तिथे तर लगेच वाट लागते.

तेव्हापासून 'वनस्पतीजन्य आहे का' हे मी सगळ्यात शेवटी विचारतो, आधी चार्ज काय, कुठल्या पीएचला टिकतो, मीठ सहन करतो का. आणि वनस्पतीजन्य म्हणजे तरी काय हो, ऑलिव्ह पिळून सिटीअरिल ऑलिव्हेट निघत नाही. ऑलिव्ह तेलातली फॅटी अॅसिड्स घेऊन कारखान्यात रिअॅक्शन करावी लागते. सिटीअरिल ग्लुकोसाइडचंही तेच, फॅटी अल्कोहोल (मेणासारखा घटक) आणि ग्लुकोज जोडलेलं. सोयाबीन किंवा सूर्यफुलातून काढलेलं लेसिथिन त्यातल्या त्यात मूळ रूपाच्या जवळचं, पण त्याचा रंग, वास आणि चिकटपणा बघितला की उत्साह मावळतो.

इंटरव्ह्यूला एचएलबी, म्हणजे इमल्सिफायरचा ओढा पाण्याकडे जास्त की तेलाकडे हे सांगणारा आकडा, हमखास विचारतात, तो पाठच करा. ग्रिफिनने १९४९ मध्ये मांडलेली ० ते २० ची पट्टी, साधारण ३ ते ६ ला तेलात पाणी, ८ च्या वर पाण्यात तेल. पण ती मुळात नॉनआयॉनिकसाठी, म्हणजे चार्ज नसलेल्या इमल्सिफायरसाठी, बनवलेली आहे, लेसिथिन किंवा सायट्रेटला ती लावून आकडेमोड करत बसलात तर दिवस वाया जातो (माझे गेलेत).

आता प्रत्यक्ष काम. दोन्ही फेज, म्हणजे तेलाचा भाग आणि पाण्याचा भाग, ७० ते ७५ डिग्रीला न्या, आणि पाण्याचं बीकर तापवायच्या आधी आणि नंतर वजन करा, कारण वाफेने जितकं पाणी उडतं तितकं परत घालावं लागतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं आणि माझ्या दोन बॅच कधीच सारख्या यायच्या नाहीत. दोन्ही एकत्र केल्यावर गरम असताना होमोजिनायझर (थेंब बारीक करणारं मशीन), मग थंड होताना सावकाश ढवळणं. ऑलिव्हेट आणि ग्लुकोसाइडमध्ये थंड होताना थरांची लिक्विड क्रिस्टल रचना तयार होते, तेव्हा घाईने जोरात फिरवत राहिलात तर ती मोडते आणि क्रीम पातळ राहते. प्रिझर्व्हेटिव्ह ४० डिग्रीच्या खाली आल्यावर, बहुतेकांचं तसंच असतं पण सप्लायरचा कागद वाचा. जाडी लगेच बघू नका, २४ तास थांबा.

त्वचेवर चोळताना पांढरा फेस आल्यासारखं दिसतं, त्याला सोपिंग म्हणतात, या वनस्पतीजन्य बेसमध्ये फार होतं. सोपा उपाय थोडं डायमेथिकोन, म्हणजे एक सिलिकोन, पण मग नॅचरलचा दावा गेला, म्हणून मी फॅटी अल्कोहोल कमी करून एखादं हलकं एस्टर तेल घालतो, जमतं बऱ्यापैकी.

आणि टिकते का ते बघायला तीन आठवडे थांबू नका माझ्यासारखे. एक बाटली ४५ डिग्रीच्या ओव्हनमध्ये, एक फ्रीझरमध्ये घालून बाहेर काढून परत आत, असं काही वेळा, आणि जमलं तर सेंट्रिफ्यूज, म्हणजे जोरात गरगर फिरवून थर वेगळे होतात का ते दाखवणारं यंत्र. मायक्रोस्कोप असेल तर पहिल्या दिवशीचा फोटो काढून ठेवा, आठवड्याने थेंब मोठे झालेले दिसले की समजायचं, तळाला पाणी यायचंय अजून पण येणार.