गोठ्यातली जावा: आधी क्रँक, रंग शेवटी

जुनी जावा मोटारसायकल हाती लागली की पोरं पहिली रंगाच्या दुकानात पळतात. मरून रंग, टाकीला क्रोम, सोनेरी रेघा, सगळं झक्क करतात आणि मग इंजिन घेऊन माझ्याकडे येतात, कोल्हापुरात उद्यमनगरला, लेथवर. इंजिन उतरवताना नव्या फ्रेमवर पान्याचे ओरखडे, चढवताना आणखी चार. म्हणून सांगतो, उलटं चला. आधी इंजिनातला क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा दांडा, आणि रंग शेवटी.

मी बोलतोय ती म्हैसूरच्या आयडियल जावाची २५० सीसी, साठच्या दशकातली. पुढे तिचीच येझदी झाली आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. दोन सायलेन्सर बघून लोक डबल सिलिंडर समजतात. सिलिंडर एकच आहे, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५. डाव्या बाजूचा गिअरचा दांडा आत दाबून मागं फिरवला की तोच किक होतो. नवखा माणूस किक शोधत उजवीकडं फिरतो, ते बघायला मजा येते.

पैसे मोजण्याआधी इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून घ्या. गंज असेल तर ब्रशनं साफ करून खडू घासा, आकडे उठून दिसतात. ग्राइंडर लावू नका, आकडे गेले तर आरटीओत कोण विचारणार तुम्हाला? ५० वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच. ज्याला जावेवरून मंडईत जायचंय त्यानं जुनं आरसी बुकच जिवंत ठेवावं.

आता इंजिन. कागलकडच्या एका मास्तरांची जावा कडब्याखाली कित्येक वर्षं पडून होती. नातवानं बाहेर काढली आणि पहिलं काम काय केलं, तर दणादण किका. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या, एक तुटली, सिलिंडरला उभी रेघ पडली. किक मारायचीच नाही. प्लग काढा, भोकातून थोडं डिझेल आणि टू-स्ट्रोक ऑईल सोडा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. मग गाडी चौथ्या गिअरात टाकून मागचं चाक हातानं हळू पुढं-मागं करा. फिरत नसेल तर जोर लावू नका, परत ऑईल सोडा.

फिरलं की सिलिंडर उतरवा. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, धरून सरळ वर ओढा, खाली दाबा. बाजूला थोडा हलला तर चालतो, त्याला तेवढी जागा लागतेच. वर-खाली ‘टक’ जाणवलं तर बिगएंड, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग, गेलं. हा क्रँक दाबून बसवलेला असतो. पिन प्रेसवर काढायची, नवा रॉड, पिन, बेअरिंग घालायचं आणि मग लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल, म्हणजे वाकडेपणा मोजायचं घड्याळ, लावायचा. तांब्याच्या हातोडीनं ठोकत ठोकत सरळ करायला माझा निम्मा दिवस जातो. ०.०३ मिमीच्या वर वाकडेपणा मी सोडत नाही. कुणी अर्ध्या तासात करून देतो म्हणाला तर त्याचा डायल कुठं आहे ते आधी विचारा.

क्रँक बाहेर आहे तोवर दोन्ही ऑईल सील बदला, जुनं चांगलं दिसत असलं तरी. टू-स्ट्रोकचा क्रँककेस हवाबंद लागतो. डावीकडचं सील गेलं तर इंजिन गिअरचं ऑईल ओढतं. खाली थेंब पडत नाही, पण ऑईल कमी होतं आणि मागं पांढरा धूर. डायनामोकडचं गेलं तर ते हवा ओढतं, पेट्रोल कमी पडतं, रेस आपोआप चढते आणि पिस्टन जाम होतो. ही रेस चढणारी गाडी लोक कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून बरी करायला बघतात.

कार्बोरेटरचा पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडा येईल तिथं चीर. आतलं पेट्रोल पूर्ण गेल्याशिवाय चिरेला कथलाचा डाग देऊ नका, भडकेल. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.४ मिमी. वायरिंग ६ व्होल्टचंच राहू द्या, १२ चा नाद नको. हेडलाइट मंद असेल तर अर्थिंग, म्हणजे वायर फ्रेमला जोडतात ती जागा, खरवडा. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टला जवळपास ६ अँपिअर ओढतो, गंजलेल्या बोल्टातून एवढा करंट जाणार कसा?

टाकीत मूठभर नट आणि व्हिनेगर घालून हलवा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं विसळा आणि उन्हात पूर्ण वाळू द्या. पहिले काही दिवस पेट्रोलच्या लिटरला ५० मिली टू-स्ट्रोक ऑईल, नंतर ४०. कॅनमध्ये मिसळूनच टाकीत ओता. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर फुगतं, टाकीखालच्या पेट्रोल कॉकचा वॉशर नवा घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा.

शे-दोनशे किलोमीटर नीट चालली की रंगाचं बघा. घासायच्या आधी प्रत्येक रेघेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. रेघेची जाडी एकदा गेली की पेंटर अंदाजानं मारतो आणि ती टाकी लांबूनच नकली वाटते. क्रोमवाल्याला कॉपर, निकेल, क्रोम असे तिन्ही थर सांगा. नुसता क्रोम पहिल्याच पावसाळ्यात सोलतो.