जीआरई क्वांटचा सराव करताना: वहीत ‘सिली मिस्टेक’ लिहिणं आधी थांबवा

जीआरई म्हणजे परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. इंजिनिअरिंग झालेल्या मुलांना तिच्या गणिताची, म्हणजे ‘क्वांट’ची भीती वाटत नाही आणि पहिली गोची तिथेच होते. अंकगणित, बीजगणित, भूमिती, थोडी सांख्यिकी. त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही. एम-थ्री (इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर) काढलेल्या माणसाला दहावीची गणितं काय जड जाणार? मग सराव सुरू होतो, साठातली बारा-पंधरा चुकतात आणि प्रत्येक चुकीपुढे लाल पेनाने एकच शेरा पडतो: ‘सिली’.

गेल्या महिन्यात एका मुलीची वही घेऊन बसलो होतो. पानापानावर ‘सिली’. “सर, येतं मला हे सगळं, घाई होते फक्त,” असं तिचं म्हणणं. मग आम्ही एकेक ‘सिली’ उघडून पाहिली. घाईच्या चुका दोन-तीनच निघाल्या. बाकी सगळ्या चार घरच्या होत्या आणि तीच चार घरं पुन्हा पुन्हा. जी चूक महिन्यात सहा वेळा होते ती सिली कशी? ती सवय झाली.

पहिलं घर: ऋण, शून्य आणि अपूर्णांक विसरणं. जीआरईत क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझन नावाचा प्रकार असतो. दोन राशी देतात आणि विचारतात, कोणती मोठी? पर्याय कायम तेच चार: ए मोठी, बी मोठी, दोन्ही सारख्या किंवा दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. तिच्या वहीतलं गणित असं होतं: क्षचा वर्ग १६ आहे; ए म्हणजे क्ष, बी म्हणजे ३. तिने क्ष = ४ लिहून ‘ए’वर खूण केली. पण क्ष उणे ४ सुद्धा असू शकतो आणि तेव्हा बी मोठी. म्हणजे उत्तर चौथं, ठरवता येत नाही. गंमत म्हणजे चार पानं पुढे तिनेच १६चं वर्गमूळ ‘अधिक किंवा उणे ४’ लिहिलं होतं आणि तेही चूक. वर्गमुळाची खूण छापलेली असेल तर तिचा अर्थ फक्त धन मूळ, म्हणजे ४. समीकरणाला दोन उत्तरं, खुणेला एक. एकाच वहीत एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी चुकली होती आणि दोन्हीकडे शेरा ‘सिली’.

अशा गणितांत आपण २ आणि ३ टाकून बघतो, कारण हात तिकडेच वळतो. क्षचा वर्ग मोठा की क्ष? २ टाकला तर वर्ग मोठा. १ टाका, सारखे. अर्धा टाका, वर्ग पाव होतो, म्हणजे क्ष मोठा. म्हणून निदान चार संख्या टाकून बघायची सवय लावा: शून्य, एक, एखादी ऋण संख्या आणि शून्य ते एकमधला एखादा अपूर्णांक. प्रश्नात ‘इंटिजर’ असं लिहिलेलं नसेल तर अपूर्णांक चालतो. लिहिलं असेल तरी शून्य आणि ऋण चालतातच. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इथे जरा जपावं. इंटिजर म्हणजे पूर्णांक, नैसर्गिक संख्या नव्हे. शून्य सम आहे. एक मूळ संख्या नाही, दोन मात्र आहे आणि सम असलेली ती एकटीच.

याच्या शेजारचीच एक खोड: चलाने भागून मोकळं होणं. क्षचा वर्ग = ५क्ष दिसलं की दोन्हीकडचा एक क्ष उडवून ५ लिहायचे. उडवलेल्या क्षबरोबर शून्य हे उत्तरही उडालं. असमतेत (‘पेक्षा मोठं’, ‘पेक्षा लहान’ असं लिहिलेलं असतं तिथे) तर क्षचं चिन्ह माहीत नसताना त्याने गुणणं-भागणं म्हणजे आंधळी कोशिंबीरच.

उलट बाजूने, दोन्ही राशींत एकही चल नसेल, सगळ्या ठरलेल्या संख्याच असतील, तर ‘ठरवता येत नाही’ हे उत्तर असूच शकत नाही. तुम्हाला आकडेमोड जमली नाही म्हणून ते निवडू नका.

दुसरं घर: विचारलं एक, दिलं दुसरं. क्ष काढला, चौकटीत टाकला, पण प्रश्नाला २क्ष + १ हवा होता. जीआरईचे पर्याय रचणारे लोक भोळे नाहीत. अर्ध्या वाटेवरचं उत्तर पर्यायांत अनेकदा हजर असतं. आपलं उत्तर पर्यायांत दिसलं की बरोबर आल्याचा जो आनंद होतो, त्यावर विश्वास ठेवू नका. न्यूमरिक एंट्रीत, म्हणजे उत्तर स्वतः टाइप करायच्या प्रश्नांत, तर पर्यायच नसतात. तिथे उत्तर टक्क्यांत हवंय की दशांशात, जवळच्या पूर्णांकापर्यंत हवंय का, हे शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं आणि शेवटची ओळच कोणी वाचत नाही. (अपूर्णांक संक्षिप्त रूपात देण्याची मात्र गरज नाही, ६/८ लिहिलं तरी चालतं.) पर्यायांपुढे गोल खुणा असल्या तर एकच उत्तर. चौकोनी असल्या तर एक किंवा अनेक, आणि त्यात एक जरी सुटलं तरी गुण शून्य. उपाय अगदी शाळकरी आहे: कच्चं काम सुरू करण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात ‘काय हवं’ ते लिहून त्याला गोल करायचा. त्या मुलीला हे बालिश वाटलं. दोन आठवड्यांनी तिच्या वहीतलं हे घर जवळजवळ रिकामं झालं.

तिसरं घर टक्केवारीचं. शंभराची वस्तू २० टक्क्यांनी वाढून १२० झाली, मग २० टक्क्यांनी उतरली तर शंभर नाही, ९६. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी आलेखाच्या प्रश्नात ४०० वरून ५०० आणि पुन्हा ४०० असं दिसलं की वाढ २५ टक्के आणि घटही २५ टक्केच लिहिली जाते. घट २० टक्के आहे, कारण पाया बदलला. सरासरी वेगाचं दुखणंही याच जातीचं. पुण्याहून लोणावळ्याला ताशी ६० ने गेलात, त्याच रस्त्याने ४० ने आलात, तर सरासरी ५० नव्हे, ४८. हळू चाललेल्या वाटेवर वेळ जास्त गेला ना!

चौथं घर मोजणीचं. १०० ते २०० मध्ये ७ने भाग जाणाऱ्या संख्या किती? पहिली १०५, शेवटची १९६, फरक ९१, भागिले ७ म्हणजे १३, आणि अधिक एक. चौदा. तो ‘अधिक एक’ राहतो. दोन फासे टाकल्यावर निदान एक सहा येण्याची शक्यता १२/३६ लिहिणारे तर ढिगाने भेटतात. दोन्ही सहा आलेली जोडी त्यांनी दोनदा मोजलेली असते. खरं उत्तर ११/३६. ‘निदान एक’ दिसलं की आधी ‘एकही नाही’ काढावं आणि एकातून वजा करावं.

हे झालं गणितातलं. सराव कसा होतो, त्यात यापेक्षा मोठी भोकं आहेत.

सगळ्यात मोठं भोक म्हणजे उत्तराच्या पानाकडे जाणारा हात. दोन मिनिटं अडलं की पान उलटायचं, स्पष्टीकरण वाचायचं, ‘अरे हो की!’ म्हणायचं आणि पुढचं गणित. ते ‘अरे हो’ म्हणजे येणं नव्हे. दुसऱ्याने सोडवलेलं गणित समजणं आणि कोऱ्या कागदावर ते आपल्याला सुचणं यांत बरंच अंतर आहे. चुकलेलं गणित त्या दिवशी वाचा, बंद करा आणि तीन-चार दिवसांनी काही न बघता पुन्हा पहिल्यापासून सोडवा. अर्ध्याहून अधिक लोक तिथेच पुन्हा अडतात, असा माझा अनुभव. मी स्वतःही अडायचो.

“घरी सगळी बरोबर येतात, टेस्टमध्ये चुकतात” ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी एकच विचारतो: घरी धड्यावार सोडवता का? धड्याचं नावच निम्मं उत्तर असतं. ‘गुणोत्तर आणि प्रमाण’ असं वर छापलेलं असताना गुणोत्तर मांडायचं हे सुचायला अक्कल लागत नाही. परीक्षेत गणिताच्या डोक्यावर पाटी नसते. धडे एकदा संपले की दहा-बारा गणितांची मिसळ करून सोडवा, घड्याळ लावून.

घड्याळाचा हिशेब असा. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आटोपशीर झाली. क्वांटचे दोन भाग: पहिल्यात १२ प्रश्न २१ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २६ मिनिटांत. सीनियरकडून आलेल्या जुन्या पुस्तकांत २० प्रश्न आणि ३५ मिनिटं असतात. ती पुस्तकं फेकू नका, प्रश्नांचे प्रकार तेच आहेत आणि प्रश्नामागे पावणेदोन मिनिटांचा वेगही जवळपास तोच. बदललं इतकंच की प्रश्न ४० वरून २७ वर आले, त्यामुळे एकेका चुकीचं वजन वाढलं. शिवाय पहिला भाग कसा गेला यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. म्हणून पहिल्या भागात एकाच गणिताशी पाच मिनिटं कुस्ती खेळू नका. ‘मार्क’ करा, पुढे जा. भाग संपेपर्यंत परत येता येतं, संपल्यावर नाही. चुकीला वजा गुण नाहीत, तेव्हा कोरा प्रश्न एकही ठेवायचा नाही.

कॅल्क्युलेटरबद्दल थोडं. पडद्यावर मिळतो तो साधा असतो: बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, वर्गमूळ. आठच अंक मावतात. २चा ३०वा घात मोठा की ३चा २०वा, हे त्यावर करायला गेलात तर ‘एरर’ येईल. पहिला म्हणजे ८चा १०वा घात, दुसरा ९चा १०वा; झालं. कॉलेजातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर शेजारी घेऊन सराव केलात तर परीक्षेच्या दिवशी हात अडखळतील.

भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही. कोन काटकोन ‘दिसतो’ म्हणून काटकोन धरू नका. आलेख आणि निर्देशांकांच्या आकृत्या मात्र प्रमाणात असतात, तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या पॉवरप्रेप नावाच्या सराव टेस्ट फुकटात दोनच मिळतात. पहिल्याच आठवड्यात उत्सुकतेपोटी दोन्ही उडवून टाकणारे पुढे त्याच पुन्हा देतात, गुण वाढलेले बघून खूश होतात आणि खऱ्या परीक्षेनंतर गप्प होतात. वाढलेली असते ती आठवण. एक सुरुवातीला द्या, दुसरी परीक्षेच्या दहा-बारा दिवस आधी.

आणि चुकांची वही. तिच्यात गणित उतरवून काढू नका, कोणी परत वाचत नाही. चुकलेली एक ओळ आणि पुढच्या वेळी हात काय करेल, एवढंच. त्या मुलीच्या वहीत आता ‘सिली’च्या जागी असं लिहिलेलं असतं: “वर्ग = संख्या दिसलं, आधी दोन्ही उत्तरं लिही, मग प्रश्न वाच.” तिची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, घरूनच देणार आहे. घरून देताना साधा कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड किंवा पारदर्शक प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला कागद आणि पुसता येणारा मार्कर लागतो. तिने कालच बोर्ड आणला. पहिल्याच गणितात जाड मार्करने अर्धा बोर्ड भरला आणि ‘काय हवं’चा गोल काढायला कोपरा उरला नाही. आता रोजची दहा गणितं ती त्यावरच सोडवते, बारीक अक्षरात.