'डॉर्क' म्हणजे मूर्ख नव्हे! इंग्रजी चिडवाचिडवीतल्या या चुका टाळा

रस्त्यात समोरून कुणी हात हलवते म्हणून तो हसून हात हलवतो. ती मात्र हात हलवत असते त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला. मग हा तोच हात केसांतून फिरवतो, जणू मुळात तेवढंच करायचं होतं. शेजारची मैत्रीण हसून म्हणते, "यू आर सच अ डॉर्क!"

सबटायटल्स लिहायला लागलो तेव्हा अशा जागी मी बेधडक 'तू किती मूर्ख आहेस' असं ठोकून द्यायचो. काम तपासणाऱ्या बाईंनी एकदा एवढंच लिहून पाठवलं : "हे दोघं भांडतायत का?" तिथे हवं होतं, 'ध्यान आहेस अगदी!'

सगळे शब्द 'मूर्ख'च्या एकाच पोत्यात भरायचे, ही सगळ्यात मोठी चूक. यातल्या बऱ्याच शब्दांना अकलेशी देणंघेणंच नाही. क्लट्स हा हातापायांचा वेंधळा. कप उचलायला जाईल आणि बशी फोडेल. शब्द यिडिशमधून, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून, अमेरिकी इंग्रजीत आला, मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. पण म्हणून त्याला 'ठोकळा' म्हणू नका. आपला ठोकळा चेहऱ्यानं मख्ख असतो, त्याच्या हातून काही सांडतंच असं नाही. 'धांदरट' चालेल. यिडिशनं तर आणखी बारीक कातलंय : सूप सांडतो तो श्लमील आणि ज्याच्या अंगावर सांडतं तो श्लिमाझल. एक वेंधळा, दुसरा फुटक्या नशिबाचा.

नर्ड म्हणजे 'पुस्तकी किडा', हेही असंच डोळे मिटून लिहिलं जातं. दहावीला 97 टक्के मिळवणारा नर्ड असेलच असं नाही. मार्कांसाठी घोकणाऱ्याला ब्रिटनमध्ये स्वॉट म्हणतात, आणि तो शब्द घामावरून आलाय. नर्ड एखाद्या विषयात आपखुशीनं बुडालेला असतो आणि चारचौघांत काय बोलावं हे त्याला सुचत नाही. हा शब्द 1950 साली डॉक्टर स्यूसच्या मुलांच्या पुस्तकात एका विचित्र प्राण्याचं नाव म्हणून छापला गेला. पुढच्याच वर्षी 'न्यूजवीक' या अमेरिकी साप्ताहिकानं तो डेट्रॉइटमधली बोली म्हणून नोंदवला, अर्थ 'कंटाळवाणा माणूस'. गीकचा प्रवास याहून भन्नाट. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून दाखवणारा तो गीक. आज लोक स्वतःलाच कौतुकानं 'कॉफी गीक' म्हणवून घेतात. तेव्हा आजच्या गीकला 'नाद लागलेला' म्हणा, बावळट नको.

व्याकरणात आपण मराठी माणसं हमखास एकाच ठिकाणी घसरतो. 'तो फार वेंधळा आहे' या चालीवर 'ही इज व्हेरी डॉर्क' असं तोंडातून निघतं. डॉर्क, नर्ड, क्लट्स ही नामं आहेत. 'व्हेरी' लावायचं तर डॉर्की, नर्डी, क्लट्सी म्हणा. नाहीतर 'सच अ डॉर्क'. तसंच, मराठी बोलताना 'मला ऑकवर्ड झालं' ठीक आहे, पण 'आय अ‍ॅम ऑकवर्ड' म्हणजे 'मी स्वभावानंच अवघडलेला आहे'. त्या वेळेपुरतं सांगायचं तर 'आय फेल्ट ऑकवर्ड'.

मेलबर्नला राहणारी भाची एकदा मला म्हणाली, "मामा, यू आर सच अ डॅग!" पायात मोजे, त्यावर सँडल, अशा थाटात मी तिच्या मैत्रिणींना चहा विचारत होतो. अर्थ शोधला तर मेंढीच्या शेपटीखाली लोकरीत अडकून वाळलेली लेंडी! दोन दिवस तोंड पाडून बसलो. ऑस्ट्रेलियात मात्र डॅग म्हणजे कपड्यांचं भान नसलेला, पण जीव लावावा असा गबाळा माणूस.

डॉर्कचंही तसंच. तो अमेरिकी बोलीत आधी पुरुषाच्या अवयवाचा असभ्य शब्द होता, आता त्यातली घाण जवळपास धुऊन गेलीय. (व्हेलच्या अवयवाला डॉर्क म्हणतात ही मात्र निव्वळ थाप.) स्पॅझचं तसं झालेलं नाही. अमेरिकेत 'धांदरट' म्हणून तो सहज वापरला जायचा. ब्रिटनमध्ये ती सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्यांना दिलेली शिवी आहे. स्पॅझ ज्याचं छोटं रूप, त्या 'स्पास्टिक' शब्दाची इतकी शिवी झाली की अशा लोकांसाठी काम करणाऱ्या तिथल्या 'स्पास्टिक्स सोसायटी'नं 1994 साली स्वतःचं नावच बदलून 'स्कोप' केलं. 2022 मध्ये आक्षेप आल्यावर लिझो आणि बियॉन्से या दोघी अमेरिकी गायिकांनी आपापल्या गाण्यातून तो काढला. थट्टेतही वापरू नका, स्वतःबद्दल तर नकोच. मी ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांबरोबरच्या कॉलवर स्वतःलाच तसं म्हणवून घेतलं होतं. सगळे एकदम गप्प.

असं झालंच तर 'सॉरी, राँग वर्ड' म्हणून पुढच्या मुद्द्यावर जा. मी अमेरिकेत त्याचा अर्थ कसा वेगळा आहे हे समजावत बसलो, आणि कॉल आणखी दहा मिनिटं लांबला.