कोडमधून पीडीएफ तयार करताना पानाची मांडणी

कोडमधून पीडीएफ तयार करताना प्रत्येक ओळीची जागा स्वतः मोजून मजकूर छापत जाणे एका पानाच्या प्रमाणपत्रापुरते ठीक असते. अहवालासारखा कमीजास्त होणारा मजकूर असेल, तर आधी पानाची चौकट ठरवावी आणि मजकूर तिच्यात आपोआप वाहू द्यावा. येथे उदाहरणादाखल पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील रिपोर्टलॅब ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घेतली आहे.

सुरुवात मापांपासून करावी. पीडीएफमधील मूळ एकक पॉइंट हे असून एका इंचात ७२ पॉइंट बसतात. त्यानुसार ए-४ पान साधारण ५९५ × ८४२ पॉइंटांचे, तर अमेरिकेत वापरले जाणारे लेटर आकाराचे पान ६१२ × ७९२ पॉइंटांचे होते. लायब्ररीने गृहीत धरलेल्या आकारावर विसंबू नये, तो कोडमध्ये स्पष्ट लिहावा. आरंभबिंदू पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असतो, त्यामुळे स्क्रीनची सवय असलेल्यांनी वायची (उभ्या अंतराची) किंमत वरच्या दिशेने वाढते हे ध्यानात ठेवावे.

यानंतर समास. ए-४ पानावर डावीउजवीकडे प्रत्येकी २० मिमी समास सोडल्यास रुंदी १७० मिमी, म्हणजे सुमारे ४८२ पॉइंट उरते. पण रिपोर्टलॅबची फ्रेम, म्हणजे मजकूर वाहतो ती चौकट, आतून चारही बाजूंना आणखी ६ पॉइंट जागा राखते आणि परिच्छेदांना प्रत्यक्षात ४७० पॉइंटच मिळतात. ४८२ पॉइंट रुंदीचा तक्ता मात्र मध्यावर बसतो आणि दोन्ही कडांना परिच्छेदापेक्षा ६ पॉइंट बाहेर दिसतो. एवढासा फरकही छापील पानावर खटकतो, म्हणून फ्रेमचे आतले अंतर शून्य करावे किंवा तक्त्याची रुंदी त्या हिशेबाने कमी करावी. कडा कुठे आहेत हे कळत नसेल, तर डॉक्युमेंट टेम्प्लेटला (दस्तऐवजाची मांडणी ठरवणाऱ्या घटकाला) ‘शोबाउंड्री’ हा पर्याय द्यावा; फ्रेमच्या रेषा पानावर उमटतात आणि बराचसा तर्कवितर्क वाचतो.

पान कुठे तुटावे, हे सांगण्याची साधने वेगवेगळी आहेत. ‘पेजब्रेक’ सरळ नवे पान सुरू करतो, तर ‘कंडपेजब्रेक’ ठरवून दिलेली उंची शिल्लक नसेल तरच पान बदलतो. माझ्या मते बहुतेक ठिकाणी दुसराच वापरावा, कारण पहिल्यामुळे अर्धी कोरी पाने तयार होतात. शीर्षक पानाच्या तळाशी एकटे पडू नये म्हणून त्याच्या शैलीत ‘कीपविथनेक्स्ट’ लावावे. लांब तक्त्याला ‘रिपीटरोज’ची किंमत १ द्यावी, म्हणजे शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर पुन्हा येते. फ्रेमपेक्षा मोठे चित्र मात्र कुठल्याच पानात मावत नाही आणि ‘लेआउटएरर’ येतो. ते आधीच प्रमाणात लहान करावे.

पानक्रमांक आणि शिरोलेख वाहत्या मजकुरात न घालता प्रत्येक पानासाठी आपोआप बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमधून समासात काढावेत. ‘१२ पैकी ३’ असा क्रमांक हवा असल्यास एकूण पाने शेवटीच कळतात, त्यामुळे दस्तऐवज दोनदा बांधावा लागतो किंवा सर्व पाने राखून ठेवून क्रमांक अखेरीस घालावे लागतात.