बेट्टाचं फाटलेलं शेपूट पुन्हा वाढवताना

आमच्या निळ्या बेट्टा माशाचं शेपूट टाकीतल्या प्लास्टिकच्या झाडात अडकून पार मधोमध चिरलं, तेव्हा मी आधी औषधाची बाटली शोधायला धावले. ती लागलीच नाही. शेपटीचा पर मुळाशी शाबूत असेल तर मासा तो स्वतःच वाढवतो. आपण पाणी स्वच्छ ठेवायचं.

आधी ते झाड काढून टाका. टाकीतल्या प्रत्येक वस्तूवरून जुनी नायलॉनची ओढणी फिरवा. धागा अडकला तर परही अडकणार.

माझी टाकी २० लिटरची. रोज ४-५ लिटर पाणी काढायचे, तळाची घाण नळीने ओढून घ्यायची, आणि क्लोरीन घालवणारे थेंब टाकलेलं, टाकीतल्याइतकंच कोमट पाणी सावकाश ओतायचं. हीटर २७ अंशांवर. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर उपयोगी जिवाणू मरतात. खाणं थोडंच द्या. उरलेला दाणा लगेच काढा.

आठवडाभरात चिरेच्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार दिसली. बॅटरी आडवी धरली तरच दिसायची, इतकी पातळ! तिला बुरशी समजू नका. बुरशी कापसासारखी फुगीर असते. रंग नंतर भरतो.

कडा काळ्या-लाल होऊन पर रोज आखूड होत असेल, तर मात्र ती परकूज, म्हणजे पर कुजण्याचा आजार. तेव्हा वाट पाहू नका, जाणकाराला विचारून औषध सुरू करा.